इंडियन ओशन: एक गेला, त्या जागी दोघं आले

शकुंतला_पॅसेंजर (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

संगीत विभागात भीमसेनजींपासून लावणीपर्यंत सगळ्यांवर धागे आहेत, पण आपल्या देशातल्या रॉक बँडवर सलग लिहिलेलं फारसं दिसत नाही. म्हणून हा धागा. विषय इंडियन ओशन. मी दारव्हा तालुक्यातला. घरी कापूस-तूर, आणि गावच्या भजनी मंडळात तबला. हा बँड माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी कुळकथा. दिल्लीत सुस्मित सेन गिटार वाजवायचे आणि असीम चक्रवर्ती तबला. दोघांची ओळख १९८४ च्या सुमाराची, बँड म्हणून उभे राहिले ते १९९० मध्ये. सुरुवातीला ड्रम्सवर शलीन शर्मा आणि बेस गिटारवर अनिर्बन रॉय होते. अनिर्बन गेले, १९९१ मध्ये राहुल राम आले. १९९४ मध्ये शलीनच्या जागी अमित किलम आला, तेव्हा अगदी पोरगेला होता. इथे चौकडी जमली आणि ती पुढची पंधरा वर्षं टिकली. आज आपण ज्याला इंडियन ओशनचा आवाज म्हणतो तो या चौघांचा.

पहिला अल्बम १९९३ चा, एचएमव्हीने काढलेला, त्याला बँडचंच नाव. दुसरा यायला चार वर्षं लागली. तो 'डेझर्ट रेन', १९९७. हा स्टुडिओत झालेलाच नाही. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत, पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ 'सहमत' ही संस्था जो कार्यक्रम घेते, तिथे हे वाजवत होते. त्या थंडीतल्या खुल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे हा अल्बम. हेडफोन लावून ऐका. स्टुडिओतली सफाई त्यात नाही, पण चौघं एकमेकांकडे बघत वाजवत आहेत हे कानाला कळतं.

मग २००० साली टाइम्स म्युझिककडून 'कांदिसा' आला आणि बँड घराघरात, निदान हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत पोचला. शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना, अरामी भाषेतली. त्यातच 'हिल्ले ले' आहे, गोरख पांडेंच्या भोजपुरी जनगीतावरून केलेलं. आणि 'मा रेवा' आहे, नर्मदेचं लोकगीत. एका अल्बममध्ये चर्चमधली प्रार्थना, शेतमजुरांचं गाणं आणि नदीची आळवणी, आणि तिन्ही ऐकताना कुठे सांधा दिसत नाही.

'मा रेवा' या बँडकडे आलं ते राहुल राम यांच्यामुळे. या माणसाने अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएचडी केली, आणि परत येऊन नर्मदा बचाव आंदोलनात काम केलं. खोऱ्यातल्या गावांत राहून तिथली गाणी कानात साठवली. कॅसेटवरून लोकगीत उचलणं वेगळं आणि ज्यांचं गाव बुडणार आहे त्यांच्यात बसून शिकणं वेगळं. माझ्या मते तो फरक गाण्यात ऐकू येतो.

२००३ मध्ये 'झीनी' आला, शीर्षकगीतात कबीराचे शब्द. मग अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत, २००५. 'बंदे' हे गाणं त्यातलं, शब्द पीयूष मिश्रांचे. सिनेमा १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा, कोर्टात अडकला आणि थिएटरला लागला फेब्रुवारी २००७ मध्ये. गाणी मात्र आधीच पोरांच्या तोंडी बसली होती.

आणि २५ डिसेंबर २००९ ला असीमदा गेले. हृदयविकार.

त्यांच्याविषयी वेगळं लिहायलाच हवं. मी स्वतः तबल्यावर बसतो म्हणून सांगतो. आमच्या मंडळात गाणारा वेगळा आणि ठेका धरणारा वेगळा, आणि त्याला कारण आहे. वाजवताना श्वास हाताच्या मागे जातो. गाताना तो शब्दाच्या मागे जायला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी करायचं तर कुठेतरी एक पडतं. ओळीचा शेवट तुटतो, नाहीतर डग्ग्याचा दाब सुटतो. असीमदांचे लाइव्ह व्हिडिओ पाहा. आवाज वर चढत असतो, डोळे मिटलेले, आणि डावा हात डग्ग्यावर मनगटाने असा घासत पुढे जातो की घुमारा सुराच्या बरोबर चढतो. हात गळ्याला साथ देत नाही. हात आणि गळा मिळून एकच ओळ म्हणतात. मंडळातल्या आमच्या थोरल्या काकांना, ज्यांनी आयुष्यभर खंजिरी वाजवली, मी पारावर बसून मोबाईलवर असाच एक व्हिडिओ दाखवला. शब्दांवर ते काही बोलले नाहीत. पुन्हा लाव म्हणाले, आणि मग, "गानारा अन् वाजवनारा एकच हाये का हा?" एवढंच विचारलं.

मला सांगायचं आहे ते इथून पुढे. असीमदांच्या जागी बँडने २०१० मध्ये दोन माणसं घेतली. तबल्यावर तुहिन चक्रवर्ती, गायला हिमांशु जोशी. चारांचे पाच झाले. एका माणसाच्या जागी दोघं येतात तेव्हा नुसता माणूस बदलत नाही, गाणं बांधायची रीतच बदलते. आवाज आणि ताल आता दोन वेगळ्या माणसांकडून येतात, त्यांना एकमेकांना शोधावं लागतं. पुढे २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, निखिल राव आले. म्हणजे ज्या दोघांनी बँड सुरू केला त्यातलं आता कुणीच नाही.

तरी मी म्हणतो की बँड आहे, आणि चांगला आहे. पण २००९ च्या आधीचा आणि नंतरचा हे दोन वेगळे वाद्यवृंद म्हणून ऐकावेत, एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजू नये. तुम्हाला काय वाटतं?

सहा_तारा

धागा काढलात, बरं केलंत. वाखूसा (वाचनखूण साठवली). पण मी असहमत आहे, आणि सविस्तर असहमत आहे.

मी वणीचा. कोळशाच्या ट्रकांच्या आवाजात गिटार शिकलो, शिकवायला कुणी नव्हतं. सुस्मित सेन हेच माझे गुरू, त्यांना ते ठाऊक नसलं तरी. तुम्ही तबलजी आहात म्हणून २००९ हा तुमच्यासाठी कडेलोट आहे. माझ्यासाठी २०१३.

कारण असं. बहुतेक रॉक बँडमध्ये आधी गाण्याचे स्वर ठरतात, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरल्या जातात आणि मग गिटार त्यावर सजावट करतं. सुस्मित कॉर्ड फारशा वाजवतच नाहीत. एक मोकळी तार सतत घुमत ठेवायची आणि तिच्यावर छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वळवून. सरोद ऐकल्यासारखं वाटतं. म्हणजे गिटार हाच तानपुरा आणि गिटार हीच बंदिश. 'डेझर्ट रेन'मधली बरीचशी रचना बिनशब्दांची आहे ती म्हणूनच. 'गोइंग टू आयटीओ' घ्या, दिल्लीतल्या एका गर्दीच्या चौकाचं नाव, आणि गिटार त्या गर्दीतून वाट काढत जातं. त्याला शब्दांची गरजच नाही.

निखिल राव उत्तम वाजवतात. हात मोकळा, इलेक्ट्रिककडे झुकणारा, काही ठिकाणी जास्त तयारीचाही. पण सुस्मित गेल्यावर बँड गाण्यांचा झाला. आधी तो सुरावटींचा होता, शब्द नंतर येऊन बसायचे. गायक बदलला तर बँड सावरतो. ज्याच्या बोटांतून रचना निघते तो गेला, की नाव उरतं.

सुस्मितनी 'सुस्मित सेन क्रॉनिकल्स' हा स्वतःचा बँड काढला. मला माझा इंडियन ओशन तिथे जास्त सापडतो.

बसस्टॉप_आर्णी

भाऊ लय जोरदार लिवलं. मले रॉक-गिक काही समजत नाही पन याहिचे गाने मी लोकाहिले वाटले हायेत, तर सांगतोच.

माहं आर्नीले मोबाईलचं दुकान. २०१० साली कोनाजवळ नेट नव्हतं. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचे लोकं येत, मेमरी कार्ड हातात देत, म्हनत "भरून दे". वीस रुपये, तीस रुपये. भीमगीतं, गोंडी गाने, दादा कोंडके, कव्वाली, जे पायजे ते. त्याच सालात कॉलेजातल्या एका पोट्ट्यानं सांगतलं का या बँडनं सवताच्या वेबसाइटवर गाने फुकट ठेवले हायेत, एकेक करून टाकून रायले. मी कॅफेत जाऊन उतरवले. एक गानं उतरवाले चहा पिऊन याव लागे. मंग कोनाचं कार्ड भरलं का शेवटी त्यातलं एक गानं मी आपल्या मनानं टाकून द्यायचो. कोनी म्हने हे काय टाकलं बे, कोनी पुढच्या बाजाराले येऊन म्हने तो भाऊ जो गाते ना, त्याचं आनखी दे.

आनखी मांगनारे लोकं कमी होते, पन होते.

शकुंतला_पॅसेंजर (धागाकर्ता)

@बसस्टॉप_आर्णी, भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. तो अल्बम '१६/३३० खजूर रोड'. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात हे सराव करायचे त्याचा पत्ताच अल्बमचं नाव. जुलै २०१० पासून एकेक गाणं फुकट देत गेले. त्यात असीमदांचा आवाज आहे, जाण्याआधी ध्वनिमुद्रित झालेला. म्हणजे तुम्ही आर्णीच्या बाजारात ज्या माणसाची गाणी कार्डात भरत होता तो तेव्हा या जगात नव्हता, आणि "त्याचं आनखी दे" म्हणणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.

फुकट देण्यामागे हिशेबही होता. अल्बम विकून आपल्याकडे बँडच्या हातात फार पडत नाही. पोट चालतं ते कार्यक्रमांवर, दौऱ्यांवर. गाणं जितकं लांब पोचेल तितकी पुढची मैफल भरते. त्यामुळे हे लोक सतत फिरतीवर. कॉलेजांचे महोत्सव, परदेश दौरे, पुन्हा कॉलेज.

@सहा_तारा, तुम्हाला सावकाश उत्तर देतो. आज फवारणी आहे.

कृषीसहायक_७८

कुणी 'डेझर्ट रेन'मधल्या पहिल्याच गाण्याचा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं, निदान यवतमाळच्या माणसाने करायला हवा होता! 'बोल वीव्हिल'. कापसाच्या बोंडावरची कीड.

थोडं अवांतर होईल, पण होऊ द्या. हा सोंड असलेला छोटा भुंगेरा. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमध्ये शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत तिकडचा सगळा कापूसपट्टा पोखरून गेला. काळ्या मजुरांनी, कुळांनी त्याच्यावर गाणी रचली, ती पिढ्यान्पिढ्या गायली गेली. अलाबामातल्या एंटरप्राइज गावाने तर १९१९ मध्ये या किडीचं स्मारक उभारलं, कारण कापूस बुडाल्यावर गावाने भुईमूग धरला आणि हातात पैसा आला. हा भुंगेरा आपल्याकडे नाही. आपली गुलाबी बोंडअळी ही पतंगाची अळी, जात वेगळी. पण बोंड आतून किडलेलं असतं आणि बाहेरून हिरवंगार दिसतं, हे दोन्हीकडे तेच.

२०१७ च्या हंगामात मी वावरावावरात कामगंध सापळे (अळीचे पतंग पकडायचे) लावत आणि फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक) ठेवू नका म्हणून सांगत फिरत होतो. एका धुऱ्यावर बोंड फोडून दाखवलं तर चारही पाकळ्यांत अळी. शेतकरी काही बोलला नाही, त्याने ते बोंड खिशात टाकलं. त्या दिवसांत गाडीत हे गाणं लावलं होतं. दिल्लीची माणसं अमेरिकेतल्या कापसाचं गाणं म्हणत आहेत आणि मी घाटंजीच्या रस्त्यावर ऐकतोय. मला ते परकं वाटलं नाही.

सातपुडा_सावली

किती छान चाललाय धागा!

मी परतवाड्याची, नोकरीनिमित्त मेळघाटात. 'मा रेवा'बद्दल लिहिते. माझ्या आजीने नर्मदेची परिक्रमा केलेली, पायी. आमच्या भागातून पुष्कळ लोक जातात. तिच्याकडून नर्मदेची गाणी ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आधी रागच आला होता, की आजीचं गाणं ड्रम्सवर काय वाजवतात. पण एक गोष्ट लक्षात आली. हे लोक गाणं सजवत नाहीत. लोकगीताची ओळ जिथे थांबते तिथेच थांबतात, मग वाद्यं बोलतात, मग पुन्हा ओळ. परिक्रमेत असंच म्हणतात. कुणीतरी एक ओळ सोडायची, थोडं चालायचं, मग पुढची.

आणि शकुंतलाभाऊ, परिक्रमावासी नदी ओलांडत नाहीत. ती उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं असतं. आता धरणांच्या पाण्यामुळे कितीतरी ठिकाणी जुनी वाट बुडाली, लांबून वळसा घ्यावा लागतो. राहुल राम ज्या काळात खोऱ्यात होते तेव्हा ती गावं अजून जाग्यावर होती. महाराष्ट्रातली बुडितातली गावं आज नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागातली, मणिबेली वगैरे. त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणात एक नदी आहे जी आता तशी नाही.

वैनगंगा_काठ

सातपुडाताईंनी लिहिलं म्हणून लिहितो. एरवी फक्त वाचतो.

आमचं गाव धरणाच्या बुडितात गेलं. पुनर्वसनात प्लॉट मिळाला, तिथे घर आहे. जुन्या गावात नदीवर पोरं ढिवरांच्या डोंग्यात बसून गाणी म्हणायची. ती गाणी नव्या गावठाणात कुणी म्हणत नाही. म्हणायला मनाई नाही. पाणी समोर नाही, म्हणून तोंडी येत नाहीत.

मला बँडमधलं कोण आलं, कोण गेलं हे ठाऊक नव्हतं, या धाग्यावर कळलं. 'मा रेवा' मी इतकी वर्षं ऐकतोय. ज्याने ते गाणं खोऱ्यातून आणलं तो अजून बँडमध्ये आहे हे वाचून समाधान वाटलं.

कोथरूडचा_वऱ्हाडी

मूळ दर्यापूरचा, हल्ली पुण्यात. हा बँड दोनदा प्रत्यक्ष ऐकलाय, एकदा असीमदा असताना आणि एकदा नव्या पाच जणांचा. त्यामुळे दोन शब्द.

प्रत्यक्षात जाणवलेला फरक म्हणजे मध्यबिंदू. आधी मंचावर नजर असीमदा आणि सुस्मित यांच्यात झुलत राहायची, बसलेला आणि उभा. राहुल राम मोठ्या केसांचे, हसतमुख, गप्पा मारणारे, तरी बाजूला. आता मध्यभागी राहुल रामच. गोष्टी सांगतात, गाण्यामागचा संदर्भ सांगतात, पोरांना कोरसमध्ये ओढतात. अमित किलम ड्रम्स सोडून गबगुबी घेऊन पुढे येतो तेव्हा तर सभागृह उठून उभं राहतं. (गबगुबी म्हणजे बंगालातल्या बाउलांचं वाद्य, काखेत धरून तार छेडायची.) हिमांशु जोशींचा आवाज रुंद आणि पल्लेदार. कार्यक्रम म्हणून दुसरा जास्त रंगला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पहिला मात्र रात्री झोपू देईना.

'तंडानू'चा उल्लेख कुणी केला नाही. २०१४ चा, नव्या संचाचा. प्रत्येक गाण्यात एक पाहुणा. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, कर्ष काळे अशी मंडळी. माझं मत: गाणी चांगली, पण नव्या संचाने पहिल्याच अल्बमला एवढे पाहुणे बोलवायला नको होते. घरातल्या लोकांचा आवाज आधी कळला पाहिजे. तो मला कळला 'मसान'मध्ये.

वर्धेकर_मास्तर

'मसान'ला माझंही अनुमोदन. २०१५ चा सिनेमा, नीरज घायवानचा, कान महोत्सवात गौरवलेला. बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम समाजातल्या मुलाची गोष्ट त्यात आहे. गीतं वरुण ग्रोव्हरची. 'तू किसी रेल सी' हे स्वानंद किरकिरे गातात, इंदूरचा आपलाच मराठी माणूस. मुखडा दुष्यंतकुमारांच्या शेरावरून घेतलेला. त्या गाण्यात वाद्यं किती मागे थांबलीत ते ऐका. पंचवीस वर्षं जुना बँड, सिनेमाचं गाणं, तरी कुठेही आपण आहोत हे दाखवायची घाई नाही. मी वर्गात नववी-दहावीच्या मुलांना ते ऐकवलं होतं. ज्या मुलाने कधी वर्गात हात वर केला नव्हता त्याने विचारलं, "सर, हे पुन्हा लावता का?"

मात्र एका सिनेमाबद्दल मन दुखावलेलं आहे. 'पीपली लाइव्ह', २०१०. 'देस मेरा' हे गाणं याच बँडचं. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर विनोदी अंगाने केलेला सिनेमा, आणि तेव्हा विदर्भात त्याविरुद्ध निषेधही झाले होते. मी निषेधात होतो. आमच्या गावात त्या वर्षी दोन घरांत सुतक होतं. लोकांना हसताना पाहणं मला जमलं नाही.

बसस्टॉप_आर्णी

मास्तर, तुमचं खरं हाये. पन 'देस मेरा' लोकाहिनं माह्याजवळून मांगून नेलं. सिनेमा कोनीच पायला नव्हता. गानं ऐकून म्हनत, हे आपलंच बोलून रायला हा. सिनेमाचा राग गान्यावर काढू नका, एवढं मनतो.

वर्धेकर_मास्तर

पटलं भाऊ. गाणं आज पुन्हा ऐकतो.

झाडीपट्टी_ऑर्गन

धागा सुरुवातीपासून वाचला. मी वडशाच्या नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवतो. दिवाळी झाली की सुरू, होळीपर्यंत रोज वेगळं गाव, रात्रभर प्रयोग. मंडई (गावची जत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), नाटक पाहिजेच. आमच्याकडे दर हंगामात संच बदलतो. गेल्या साली जो नायक या कंपनीत होता तो यंदा समोरच्या कंपनीत. तबलजी बदलतो, गाणारी बाई बदलते. त्यामुळे माणूस बदलल्यावर काय होतं यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

सहा_तारा भाऊंचं म्हणणं असं की ज्याच्या बोटांतून रचना निघते तो गेला की नाव उरतं. मला अनुभव वेगळा आहे. नवा तबलजी पहिल्या रात्री बसतो तेव्हा तो जुन्याची नक्कल करतो, कारण पदं तीच, आणि गाणाऱ्याला तीच जागा हवी असते. पाच-सहा प्रयोगांपर्यंत नक्कल चालते. मग एखाद्या रात्री, समजा तिसऱ्या अंकात, पहाटेचे चार वाजलेले, सगळे थकलेले, तेव्हा त्याच्या हातून त्याची स्वतःची एक जागा निघते. गाणारा दचकतो, मान वळवून बघतो, आणि पुढच्या आवर्तनात ती जागा घेतो. त्या रात्रीपासून तो संचाचा. आधी नव्हता.

मी 'तंडानू' आणि २०२३ चा 'तू है' दोन्ही ऐकले. कोथरूडच्या भाऊंना 'तंडानू'त घरचा आवाज कळला नाही हे मला पटतं, कारण तेव्हा निखिल रावांना येऊन जेमतेम वर्ष झालेलं. 'तू है'मध्ये ती दचकायची रात्र होऊन गेलेली आहे. तुहिनचा तबला आता असीमदांच्या जागा शोधत नाही.

आणि धागाकर्त्याच्या मुद्द्याला धरून: एकाच्या जागी दोन माणसं घेतली हा मला शहाणपणाचा निर्णय वाटतो. गाता-गाता वाजवणारा दुसरा कुणी शोधून बसवला असता तर तो जन्मभर नक्कलच करत राहिला असता. लोकांनीही तेच मागितलं असतं.

सहा_तारा

ऑर्गनदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दचकायच्या रात्रीचं मी नाकारत नाही, मी स्वतः ती अनुभवली आहे, वणीत एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. पण एक फरक लक्षात घ्या. तुमच्याकडे पदं आधीच बांधलेली असतात. नवा माणूस बांधलेल्यात स्वतःची जागा करतो. या बँडची तर कामाची पद्धतच अशी की खोलीत बसायचं, वाजवत राहायचं आणि त्यातून महिनोन्महिने रचना काढायची. कुणा एकाने घरून चाल बांधून आणायची नाही, श्रेयही पूर्ण बँडचं. अशा ठिकाणी माणूस बदलला की निघणारी रचनाच वेगळी. म्हणून मी शकुंतलाभाऊंच्या "दोन वेगळे वाद्यवृंद ऐकावेत" या वाक्याशी सहमत होतो, फक्त माझ्या लेखी ते तीन आहेत: २००९ पर्यंतचा, मधला चार वर्षांचा आणि आत्ताचा. मधल्यावर कुणी बोलत नाही. असीमदा नाहीत, सुस्मित आहेत, दोन नवी माणसं आजूबाजूला. त्या काळातले लाइव्ह व्हिडिओ पाहा. सुस्मित गिटारवर असीमदांच्या जागा मोकळ्या सोडतात, आणि तिथे कुणी येत नाही.

'तू है' मी ऐकला नव्हता. ऐकतो.

शकुंतला_पॅसेंजर (धागाकर्ता)

सहा_तारा भाऊ, तीन मान्य. मधल्या काळाबद्दल तुम्ही जे लिहिलं ते मला माझ्या कानाने कधी सापडलं नसतं, गिटारवाल्यालाच सापडतं. काल रात्री जागलीला गेलो होतो, रानडुकरांनी तुरीचा पार धुव्वा उडवलाय, तेव्हा माचाणावर बसून तुम्ही म्हणता तसे ते व्हिडिओ पाहिले. खरं आहे. एका ठिकाणी सुस्मित थांबतात, मान किंचित डावीकडे वळते, आणि मग स्वतःच पुढे वाजवायला लागतात.

सिनेमात रस असणाऱ्यांसाठी: जयदीप वर्माचा 'लीव्हिंग होम' हा या बँडवरचा माहितीपट २०१० मध्ये थिएटरला लागला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात चौघंही आहेत, असीमदा बोलताना, हसताना दिसतात. मिळाला तर आधी तोच पाहा, मग अल्बम ऐका.

एक विनंती ऑर्गनदादांना. कबीराचं 'झीनी झीनी बीनी चदरिया' आमच्या मंडळात अनेक वर्षं आहेच, आमच्या चालीत. या वर्षी पुण्यतिथीच्या सप्ताहात ते थोडं वेगळं बसवायचं म्हणतोय. ठेका नेहमीपेक्षा संथ, दोन कडव्यांमध्ये नुसती वाद्यं. थोरले काका गाणार, बायकाही साथीला आहेत. पट्टी कुठली धरावी? आणि खंजिऱ्या आमच्याकडे सहा आहेत.

झाडीपट्टी_ऑर्गन

पांढरी चार धरा. काकांना वर थोडा ताण पडेल पण बायकांना खाली घुसमटल्यासारखं होणार नाही. काकांचं वय जास्त असेल तर पांढरी तीनपर्यंत उतरा, त्याखाली नको.

खंजिऱ्या गाण्यात दोनच ठेवा. सहाही वाजल्या तर तबला बुडेल, आणि संथ लयीत झांजांची किणकिण शब्दावर येते. बाकीच्या चार नुसत्या वाद्यांच्या भागात सोडा, त्याही एकदम नको, एकेक करून. तुम्ही तबल्यावर असाल तर पहिल्या कडव्याला फक्त डग्गा ठेवून बघा.

तालमीचं ध्वनिमुद्रण इथे टाका. सोमवारपर्यंत मी घरी आहे, मग प्रयोगांना निघेन, तिकडे रेंज नसते.